चाळीस पेपर, एक बाप

आमच्या घरात दोन गोष्टी रोज ठरल्या वेळी व्हायच्या. बाबा घंटा वाजवायचे आणि माय बाबांना बोलायची. घंटा म्हणजे चर्चच्या पत्र्याच्या शेडपुढं लिंबाच्या फांदीला तारेनं टांगलेला रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा. बीडला रेल्वे येणार, येणार म्हणून तीन पिढ्यांनी मतं दिली. रेल्वे काही आली नाही, पण रुळाचा हा तुकडा मिशनच्या कुठल्याशा बैलगाडीतून आमच्या गावी येऊन पोचला होता. त्यामुळे रूळ हा वाजवण्यासाठी असतो अशीच माझी बरीच वर्षं समजूत होती. आता बीडपर्यंत गाडी आली म्हणतात. मी अजून तीत बसलेलो नाही. इतकी वर्षं रुसून बसल्यावर पहिल्याच दिवशी धावत जाणं बरं दिसत नाही.

गाव धारूरच्या घाटाखाली. पाठीला बालाघाटाचा डोंगर, डोंगरावर कुणी न लावलेली सीताफळं, आणि पायथ्याला चर्चच्या मागच्या दोन खोल्या, त्या आमच्या. म्हणजे मिशनच्या. बाबा, याकोब मास्तर, मिशनचे धर्मशिक्षक होते. फादर महिन्यातून एका रविवारी यायचे; उरलेल्या रविवारी देव बाबांच्या हवाली असायचा. प्रार्थना सांगणं, पोरांकडून दहा आज्ञा घोकून घेणं, मेलेल्याला नीट पुरणं आणि घंटा, एवढी त्यांची कामं. "काम गड्याचं आन् रुबाब पोपसाहेबाचा," माय म्हणायची. ती पहाटे भाकरी थापायला बसायची, तेव्हाच बाबा घंटेला हात घालायचे, आणि त्या दोन आवाजांची शर्यत लागायची. माय बहुतेक वेळा जिंकायची. रविवारी येसराची आमटी असे. मायनं तव्यावर येसराचा मसाला भाजायला घेतला की पत्र्याच्या शेडातली सगळी मंडळी प्रार्थना सोडून खोकायला लागायची, आणि बाबा डोळे मिटूनच आवाज चढवायचे.

हे मी लिहितोय ते म्हाताऱ्या फादर लोकांच्या घरात बसून. इथला आचारी आमटीत मसाला घालतो तो मीठ म्हणून. मी येशूसंघात गेलो, जेझुइट झालो, प्राध्यापक झालो, प्राचार्य झालो, आणि शेवटची नऊ वर्षं एका विद्यापीठाचा कुलगुरू होतो. या नऊ वर्षांत माझे जेवढे सत्कार झाले, त्या प्रत्येकात कुणीतरी उठून सांगितलं की बीडसारख्या मागास भागातून, खडतर परिस्थितीवर मात करून फादर शिमोन इथवर पोचले. मी खाली मान घालून, नम्र चेहऱ्यानं ते ऐकून घेतलं. नम्र चेहऱ्याचा आम्हाला खूप सराव असतो. मात मी नक्की कशावर केली, ते मात्र मला कुणी कधी विचारलं नाही. म्हणून आज न विचारता सांगतो.

येशूसंघात जायचं माझ्या डोक्यात घातलं ते फादर हान्स यांनी. ते दूरच्या थंड देशातले, पण मराठी शिकले आमच्याकडच्या ड्रायव्हर आणि गवंड्यांकडून. प्रवचनात ते शुद्ध बोलायचे, मोटारसायकलवर बसले की, "काय बे शिमोन, काल प्रार्थनेला कावून आला न्हाईस?" आता आयुष्य संपत आल्यावर कबूल करायला हरकत नाही की मला देवाची हाक वगैरे ऐकू आली नव्हती. मला त्या मोटारसायकलची हाक ऐकू आली होती. शिवाय फादरला बूट होते, स्वतःची खोली होती, खोलीत पुस्तकांची फळी होती, आणि ते कुठंही गेले की माणसं उठून उभी राहायची. बाबा आले की कुणी उठत नसे. फादरांची अट एकच होती. "पहिल्या फटक्यात मॅट्रिक व्हायचं, इंग्रजीत चांगले मार्क पाडायचे. नापास पोरं घेऊन देव काय करील बे?" नाहीतर घंटेचा हातोडा माझ्यासाठी होताच. बाबांचे हात दुखायला लागले होते, आणि ते माझ्याकडे अधूनमधून मापं घेतल्यासारखे बघायचे.

इंग्रजी मला शिकवलं सय्यद गुरुजींनी. ते मूळचे अंबाजोगाईचे, आमच्या गावच्या शाळेत नोकरीला. अंगानं काडी, आवाज मोठा, सायकलच्या हँडलला कायम एक पिशवी. दिवाळीच्या आधी त्या पिशवीत सीताफळं असायची. ज्याचं स्पेलिंग चुकलं नाही त्याला एक मिळायचं. ज्याचं चुकलं त्यालाही मिळायचं, पण अर्धं. छडी त्यांच्या हातात कुणी कधी पाहिली नाही. मात्र मार्कांच्या बाबतीत ते कंजूष. निबंधाला दहापैकी सहाच्या वर त्यांनी कुणाला दिल्याचं ऐकिवात नव्हतं. आम्ही कारण विचारलं तर म्हणायचे, "बाकीचे चार मी माझ्यासाठी ठेवलेत." मी 'माझे वडील' हा निबंध इंग्रजीत लिहून नेला तेव्हा त्यांनी मला चार दिले. माझ्या वडिलांचं नाव याकोब आहे, ते चर्चमध्ये मास्तर आहेत, ते रोज पहाटे घंटा वाजवतात, गावातले सगळे त्यांचा आदर करतात, ते कधी खोटं बोलत नाहीत, मला त्यांच्यासारखं व्हायचं आहे. एकही चूक नव्हती. मी तोंड पाडून उभा राहिलो तेव्हा गुरुजी म्हणाले, "बेटा, चूक न्हाई खरं. पर ह्यात तुझं सोताचं काय हाय? हे कुणीबी लिहील." त्यांचे हे शब्द पुढे किती तंतोतंत खरे होणार आहेत, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

वहीतला हा निबंध बाबांनी वाचला. मग रोज वाचायला लागले. दुपारी दाराशी बसून, ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत. मिशनच्या बोर्डिंगात ते सातवीपर्यंत शिकले होते, त्यामुळे गुरुजी सोडले तर गावात इंग्रजी येणारा माणूस तो एवढाच. इंग्रजीत आपण इतके चांगले आहोत, याचा त्यांना तोवर पत्ता नव्हता. माय म्हणाली, "किती वाचाल, झिजंल ती वही." बाबांनी वही मिटली, आणि माय आत वळल्यावर पुन्हा उघडली.

आता आमच्याकडच्या परीक्षेविषयी सांगायला हवं. मॅट्रिकची परीक्षा हे आमच्या गावात घरचं कार्य असे. लग्नात जसा नवऱ्याच्या मामाला मान, तसा परीक्षेत पोराच्या मामाला खिडकीचा मान. मामा, चुलते, मेहुणे आदल्या दिवशीच मुक्कामाला येत. कोणत्या खिडकीशी कुणी उभं राहायचं ते घराण्यावर ठरे. पूर्वेची सावलीची खिडकी आबासाहेबांच्या घराला राखीव. आबासाहेब म्हणजे गावचे मोठे जमीनदार, शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष आणि पार्टीचे पुढारी, तिन्ही एकाच धोतरात. माठ भरून ठेवलेले असत, काकड्या चिरलेल्या असत, आणि बंदोबस्तावरच्या हवालदाराला उन्हाचा त्रास होऊ नये म्हणून त्याची खाट लिंबाखाली टाकलेली असे. यात चोरी आहे असं कुणाच्या मनातही येत नसे. आपलं पोरगं आत एकटं सापडलंय, त्याला एकटं सोडायचं कसं, एवढाच विचार. विहिरीत पडलेल्याला दोर टाकावा तशी चिठ्ठी टाकायची. एकटे सय्यद गुरुजी तेवढे त्या आठवड्यात रजा टाकून घरी बसत. गाव म्हणे, गुरुजींना उन्हाळा सोसत नाही.

गणिताला धारूरहून कुणाचा तरी मेहुणा यायचा. इंग्रजीला आमचे बाबा. पेपर दहा मिनिटांत खिडकीतून बाहेर यायचा आणि मारुतीच्या पारावर बाबांपुढं ठेवला जायचा. मग चर्चचे मास्तर मारुतीच्या पारावर मांडी घालून, कार्बनचे कागद लावून, हिंदू-मुसलमानांच्या पोरांसाठी उत्तरं लिहीत बसायचे. सर्वधर्मसमभावावर मी पुढे परदेशात दोन व्याख्यानं दिली, पण त्याचं याहून चांगलं उदाहरण मला सापडलं नाही. मायला हे पटत नसे. "रविवारी चोरी करू नको म्हनून शिकवायचं, आन् बुधवारी पारावर जाऊन बसायचं," ती म्हणायची. बाबा शांतपणे उत्तर द्यायचे, "चोरी कुठं गं? मी तर देतोय. घेत कुठं हाय?" यावर मायकडे उत्तर नसे. मीही पुढे धर्मशास्त्राचा पुष्कळ अभ्यास केला, पण माझ्याकडेही नाही.

माझ्या वर्षी घात असा झाला की सुपरवायझर परगावचा आला आणि तो थोडा कडक निघाला. पेपर बाहेर यायला तासभर लागला. पारावर बाबांना घाम फुटला, भोवती मामा लोकांचा गराडा, "मास्तर, हात चालवा, मास्तर, टाइम चालला." निबंधाला विषय तीन होते: पावसाळ्यातला एक दिवस, माझा आवडता खेळ आणि माझे वडील. नवा निबंध जुळवायला वेळ नव्हता, आणि एक निबंध बाबांना तोंडपाठ होता. तो त्यांनी जसाच्या तसा उतरवला. घाईत हे झालं असं ते नंतर शपथेवर सांगायचे. मला विचाराल तर, घाई नसती तरी त्यांनी तोच लिहिला असता.

मी आत होतो. माझ्या बाकावरून चिठ्ठी गेली, मी हात लावला नाही. मला फादर व्हायचं होतं ना. मी आपल्या डोक्यानं पेपर लिहिला आणि निबंध अर्थातच माझा स्वतःचा लिहिला, 'माझे वडील', वहीतला. आजूबाजूची पोरं मान मोडून अक्षरन् अक्षर काढत होती. त्यांच्या लेखी ती इंग्रजी नव्हतीच, ती रांगोळी होती. चिठ्ठीच्या शेवटी बाबांनी मराठीत सूचना लिहिली होती, "लिहून झालं की पुढं द्या." तिघांनी तीही उतरवली. एकानं तर तिच्याखाली पट्टीनं रेघ ओढली.

संध्याकाळी जेवताना बाबांनी मला विचारलं, "निबंध कोनता लिवलास?" मी म्हणालो, "माझे वडील." बाबांचा हात ताटातच थांबला. मग हळूच म्हणाले, "तूबी?"

निकाल लागला तेव्हा आख्ख्या जिल्ह्यात आमच्या केंद्राचा तेवढा राखून ठेवला होता. बोर्डाकडं चाळीस पोरांचे चाळीस पेपर गेले होते, आणि चाळिसांनाही बाप एकच होता. चौकशीला साहेब येणार असं पत्र आलं, आणि दुसऱ्याच दिवशी आबासाहेब आमच्या घरी आले. याआधी ते आमच्या दारावरून हजारदा गेले होते, उंबऱ्याला पाय लावला नव्हता. त्या दिवशी आत येऊन सतरंजीवर बसले. मायनं चहा पुढं केला तो घेतला, वर पाणीही मागून घेतलं. आजपर्यंत त्यांच्या घरचं कुणी आमच्याकडं पाणी प्यायलं नव्हतं. दोन हजार वर्षांच्या शुभवार्तेनं जे झालं नाही, ते इंग्रजीच्या एका पेपरनं केलं. एरवी ते बाबांना "ए याकोब्या" म्हणत. त्या दिवशी "मास्तर" म्हणाले.

"मास्तर, तुमी काळजी करू नका," आबासाहेब म्हणाले. "साहेबाला एवढंच सांगायचं, हा निबंध सय्यद गुरुजीनं वर्गात सगळ्यांकडून पाठ करून घेतलता. म्हनून सारखा. आन् हे पोरांनी सांगून भागायचं न्हाई, माझं पोरगं बोललं तर मलाच खरं वाटत न्हाई. हे तुमच्या शिमोननं सांगायचं. मिशनचं पोरगं हाय, साहेब ऐकंल."

मी म्हणालो, "आन् गुरुजी?"

"त्यान्ला काय होतंय? साहेब दोन शब्द रागावंल. नोकरी आपल्याच संस्थेत हाय की." मग चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, "हां, तू खरं बोललास तर मातर तुझा बाप घंटा वाजवायला ऱ्हात न्हाई. चाळीस घरं तुमच्या दारात उभी ऱ्हातील. आन् गप बसलास तर सगळ्यांसंगं तूबी नापास."

हिशेब बरोबर होता. बाबा सतरंजीची दशी ओढत बसले. आबासाहेब गेल्यावर मायनं त्यांच्यापुढची बशी उचलली. "पारावर बसून लिवलं तुमी," ती बाबांना म्हणाली, "आन् फेडायचं ह्यानं?" मग माझ्याकडं वळली. "आठवी आज्ञा काय हाय रे?"

"खोटी साक्ष देऊ नको."

"ध्यानात हाय ना? बास." तिनं पुढं काही सांगितलं नाही, बोल म्हणून नाही आणि बोलू नको म्हणूनही नाही. चौकशीच्या दिवशी सकाळी तिनं मला सुशीला करून दिला, मुरमुऱ्यांचा, वरून शेंगदाण्याचं कूट, परीक्षेला जाताना देते तसा.

चौकशी मुख्याध्यापकांच्या खोलीत होती. आम्ही व्हरांड्यात ओळीनं उभे, आतलं सगळं ऐकू येत होतं. साहेब जाड भिंगांचा, थकलेला माणूस होता. आबासाहेबांच्या मुलाला, भाऊसाहेबाला, त्यांनी विचारलं, "तुझे वडील काय करतात?"

"शेती. आन् संस्था. आन् पार्टी."

"इथं तू लिहिलंयस की ते रोज पहाटे घंटा वाजवतात."

"वाजवत असतील सायेब. मी त्या टायमाला झोपलेला असतो."

फळवाल्याच्या पोराला विचारलं, "वडिलांचं नाव?" तो म्हणाला, "गफूर." साहेब म्हणाले, "इथं याकोब आहे." तो म्हणाला, "ते कागदावरचं हाय सायेब." व्हरांड्यात हशा पिकला. मीही हसलो. आणि मग माझं नाव पुकारलं गेलं.

साहेबांनी माझा पेपर वाचला, मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, हा निबंध तुझाच दिसतो, बाकीच्यांनी तोच कसा लिहिला? मी म्हणालो, सय्यद गुरुजींनी वर्गात सगळ्यांकडून पाठ करून घेतला होता. साहेबांनी विचारलं, "शब्दन् शब्द?" आणि मी म्हणालो, "हो साहेब. पाठ नाही झाला की छडीनं मारायचे."

छडीचं मला आबासाहेबांनी सांगितलं नव्हतं. कुणीच सांगितलं नव्हतं.

गुरुजींना आत बोलावलं तेव्हा मी तिथंच दाराशी उभा होतो. साहेबांनी विचारलं, पोरांना मारून निबंध पाठ करून घेता, हे खरं का? गुरुजींनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. वहीत चूक शोधताना पाहायचे तसं, जरा वेळ लावून. ते नाही म्हणाले असते तर सगळं तिथंच संपलं असतं, आणि त्यांनी नाही म्हणावं असं मला वाटत होतं का, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. गुरुजी म्हणाले, "जी साहेब. माझीच चूक झाली."

साहेबांनी सुस्कारा सोडला. "घोकंपट्टी हा काही गुन्हा नाही," ते म्हणाले. "असता, तर मी या खुर्चीत नसतो." निकाल लागला, आम्ही पास. सूचनेसकट चिठ्ठी उतरवणारे तिघं तेवढे बळी गेले. त्यांतला एक आबासाहेबांचा पुतण्या. तो आता संस्थेचा सचिव आहे आणि नावामागं डॉक्टर लावतो. ते डॉक्टर आमच्या विद्यापीठानं दिलेलं नाही, एवढंच मी सांगू शकतो.

गुरुजींना साहेबांचे दोन शब्द मिळालेच, पण ते कागदावर मिळाले. त्या कागदाचा मान राखून आबासाहेबांनी त्यांना संस्थेच्या डोंगरावरच्या शाखेत पाठवलं, पाचवीच्या वर्गाला. मॅट्रिकला इंग्रजी शिकवणारा माणूस निवृत्त होईपर्यंत तिथं ए-बी-सी-डी गिरवून घेत होता. मी येशूसंघात जायला निघालो त्या दिवशी बाबांनी अवेळी घंटा वाजवली, माय तोंडाला पदर लावून उभी राहिली, आणि मी फादर हान्स यांच्या मोटारसायकलवर मागं बसलो. घाटात आमच्या पुढं एक माणूस सायकल हातानं ढकलत वर चढत होता. फादरांनी हॉर्न दिला. तो बाजूला झाला. मी मान फिरवून डोंगरावरची सीताफळं बघत बसलो. त्या दिवसांत झाडांना फळ धरलेलंही नव्हतं.

बाबांनी धडा घेतला, पण तो बाबांसारखाच घेतला. पुढच्या वर्षी ते परीक्षेच्या चार महिने आधी वही घेऊन घरोघर फिरले. प्रत्येक पोराला विचारलं, तुझा बाप काय करतो, काय खातो, कशानं चिडतो. आणि प्रत्येकाला स्वतःचा वेगळा बाप इंग्रजीत लिहून दिला. मायनं मला पत्रातून कळवलं की गावातल्या बापांना आता त्या चिठ्ठ्या वाचून घ्यायचा नाद लागलाय.

मी मात्र मोठा होत गेलो. धर्मगुरूपुढं पापं सांगताना ही साक्ष मी 'रागावलो, आळस केला, खोटं बोललो' अशा यादीत इतर पापांच्या मधे बसवली आणि तीनदा नमो मारियाची प्रार्थना म्हणून मोकळा झालो. कुलगुरू झाल्यावर माझं पहिलं परिपत्रक कॉपीविरुद्ध निघालं. ते इतकं गाजलं की दुसऱ्या विद्यापीठांनी ते जसंच्या तसं उतरवून घेतलं. एकदा गेवराईकडचा एक मुलगा चिठ्ठीसह सापडला. त्याची आई तलवाड्याहून एस.टी.नं पिशवीभर सीताफळं घेऊन माझ्या केबिनमध्ये आली. मी तिला प्रामाणिकपणावर पंधरा मिनिटं सांगितलं, पिशवी परत केली आणि मुलाला दोन वर्षं परीक्षेतून काढलं. त्या रात्री मला झक्क झोप लागली. आज ते आठवलं की माझीच मला लाज वाटते, पण तेव्हा लागली, हे खरं आहे.

निवृत्तीनंतर गावानं सत्कार ठेवला. भाऊसाहेब आता आबासाहेबांच्या जागी आहेत, धोतराऐवजी पांढरी पँट, बाकी तीच तिन्ही पदं. माइकवर म्हणाले, "याकोब मास्तर म्हंजे आमच्या बॅचचे तर वडीलच होते," आणि सगळी बॅच पोट धरून हसली. बाबा तोवर गेलेले होते. ते असते तर त्यांनी हेही कौतुकच मानलं असतं. हार घालताना कुणीतरी कानाशी म्हणालं की सय्यद गुरुजी अंबाजोगाईला आहेत, नव्वदीत आहेत, अजून चष्म्याशिवाय पेपर वाचतात. मी हार गाडीत ठेवला आणि अंबाजोगाईला गेलो.

गुरुजी नातीकडं राहतात. ती दवाखान्यात नर्स आहे. तिनं दार उघडलं, खिचडी आणि चिंचेच्या आंबट खट्ट्याच्या दोन ताटल्या आणून ठेवल्या आणि ड्युटीला गेली. गुरुजींनी मला ओळखलं, बसवलं, जेव म्हणाले. मी जेवायच्या आधीच सुरू केलं. चाळीसेक वर्षं प्रवचनं केलेला माणूस मी, माझ्याकडे शब्दांची ददात नव्हती. तुमच्यावर अन्याय झाला, तुम्ही माझ्यासाठी तो गिळलात, तुमच्या त्या त्यागावर माझं आयुष्य उभं आहे, असं बरंच काही बोललो. गुरुजी खट्ट्यात खिचडी कालवत ऐकत होते.

"कशाचा त्याग रे?" ते म्हणाले. "मी तुझ्यासाठी न्हाई बोललो. साहेबानं माझ्याम्होरं चाळीस पेपर टाकले. चाळीस पोरं, आन् इंग्रजीत एक चूक न्हाई. माझ्या आख्ख्या नोकरीत असं झालं नव्हतं. तो इचारतो, हे तुमी शिकवलं का? न्हाई कसं म्हणू? म्हणलं, जी साहेब." ते हसायला लागले, आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. मी पाणी दिलं. ते खरं बोलत होते की पुन्हा एकदा माझ्यासाठी खोटं, ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

पाणी पिऊन झाल्यावर ते हसले नाहीत. "पर मी तुला कधी छडी मारलती का रे?"

"न्हाई, गुरुजी."

"कुनाला मारलती?"

"न्हाई."

"मंग ते कुठून आणलंस?"

मी म्हणालो, आबासाहेब घरी आले होते, बाबांची नोकरी जाणार होती. गुरुजींनी उष्टा हात वर केला. "ते कुणीबी सांगंल. तुझं सोताचं काय हाय, ते सांग. घाटात मोटारसायकलवर दिसलतास मला. मान फिरवलीस. तवाधरनं इचारायचं व्हतं."

खिचडी निवत होती. मला माझी सगळी परिपत्रकं आठवली आणि त्यांतलं एकही वाक्य उपयोगाचं नव्हतं.

"मला जायचं होतं, गुरुजी," मी म्हणालो. "नुसतं सांगितलं असतं तर साहेबांना कदाचित पटलं नसतं. छडी म्हटल्यावर पटलं. मला कसंही करून तिथून जायचं होतं. त्यात तुमचं काय होईल, ते मला दिसत होतं, आन् तरी मी बोललो."

 गुरुजींनी वहीत मार्क लिहायच्या आधी करायचे तशी मान एका बाजूला कलती केली.

"पाच," ते म्हणाले. "सहा दिले असते बेटा. पर पेपर लई उशिरा दिलास."

मी घासाघीस केली नाही.